ऑर्डरच्या स्टील रोडबाइकसाठी ड्राइव्हट्रेन: अकरा की बारा, ५०/३४ की ४६/३०?

घाटमाथा (धागाकर्ता)

फ्रेमला अजून जोडाचे टाके बसायचे आहेत, म्हणून आत्ताच विचारतो. मापे अशी: स्टील फ्रेम, बीबी शेल (क्रँकचा आस बसतो ती नळी) ६८ मिमी बीएसए (आट्यांचा प्रकार), मागचा हब १४२×१२ थ्रू अ‍ॅक्सल, फ्लॅट माउंट डिस्क, चेनस्टे ४२५ मिमी, सीट ट्यूब २८.६ मिमी, टायर ३२ मिमी. चालवणारा ७२ किलो, सायकल साडेदहा, पाणी-पिशव्या अडीच. एकूण ८५ किलो धरा. वापर: २०० ते ४०० किमीच्या बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब राइड) आणि पुण्याभोवतालचे घाट. सपाटीवर वेग २५ ते ३०.

डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत:
१. शिमानो १०५ आर७०००, अकरा स्पीड (मागे अकरा दातेरी चाके), केबलवाला
२. शिमानो १०५ आर७१००, बारा स्पीड, केबलवाला
३. स्रॅम रायव्हल एएक्सएस, बारा स्पीड, वायरलेस

ब्रेक तिन्हीत हायड्रॉलिक. चाके मात्र वेगळी बांधून घ्यायची आहेत, त्यामुळे फ्रीहब (मागची दातेरी चाके बसतात तो भाग) कोणताही निवडता येईल. काय घ्यावे, पुढची दातेरी चाके (चेनरिंग) ५०/३४ दात्यांची की ४६/३० ची, आणि बिल्डरला आधी काय सांगून ठेवावे?

चौतीसदाती

ग्रुपसेटचे (गिअर-ब्रेकच्या संचाचे) नाव शेवटी ठरवा. पहिल्यांदा सर्वांत हलका गिअर ठरवा, कारण चेनरिंग, कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच), मागच्या डिरेलरचा (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) केज म्हणजे पुली धरणारा हात, आणि पुढचा डिरेलर हे सगळे त्यावरून ठरत जाते.

३२ मिमी टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१५५ मीटर. मिनिटाला ६० फेरे हा चढावर बसून मारता येईल असा किमान कॅडन्स धरला, तर १:१ गिअरवर वेग येतो ताशी ७.८ किमी. ८ टक्के चढ, ८५ किलो, रस्ता बरा, वारा नाही असे धरून हिशेब (पुढचे दाते/मागचे दाते):

३४/२८: ९.४ किमी, सुमारे १९० वॅट
३४/३०: ८.८ किमी, सुमारे १७५ वॅट
३४/३४: ७.८ किमी, सुमारे १५५ वॅट
३४/३६: ७.३ किमी, सुमारे १४५ वॅट
३०/३४: ६.८ किमी, सुमारे १३५ वॅट

म्हणजे ३४/२८ लावलात तर १९० वॅट द्यावेच लागतील. नाही दिले तर कॅडन्स ५० वर येतो आणि सगळा भार गुडघ्यांवर. सिंहगडाच्या वरच्या वळणांवर ८ टक्क्यांवर भागत नाही, तिथे वरचा प्रत्येक आकडा आणखी वाढवून वाचा. आता २५० किमी झाल्यावर तुम्ही तासभर किती वॅट देऊ शकता ते स्वतःलाच विचारा. ताज्या पायांचा आकडा इथे कामाचा नाही.

माझे मत पुढे ४६/३० आणि मागे ११-३४ (सर्वांत लहान चाक ११ दात्यांचे, सर्वांत मोठे ३४).

पंक्चरपट्टी

४६ ने सपाटीवर पाय रिकामे फिरतील की! रोडबाइकला ५० हवाच.

चौतीसदाती

४६/११ ला ९० कॅडन्सवर ताशी ४८.७ किमी होतात. त्याच्या वर उतारच असतो, आणि उतारावर पाय थांबवले तरी चालते. उलट धागाकर्त्याचा वेग २५-३०. ४६/१९ ला ९० कॅडन्सवर २८.२ आणि ४६/१७ ला ३१.५, म्हणजे दिवसभराचा वेग कॅसेटच्या बरोबर मधोमध येतो आणि चेन सरळ चालते. ५० लावले की हाच माणूस मागे १९ ते २३ वर राहतो, चेन तिरकी, आणि जरासा चढ आला की पुढचे चेनरिंग बदलायची वेळ.

आटेबोल्ट

चौतीसदातींशी सहमत, पण ४६/३० म्हटले की दोन गोष्टी मागोमाग येतात. त्या विसरल्या तर पुढचा डिरेलर कधीच नीट लागत नाही.

४६/३० चा क्रँक जीआरएक्समध्ये (शिमानोचा खडी-मातीच्या सायकलींचा संच) मिळतो (आरएक्स६००, अकरा स्पीड). त्याची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंगचे अंतर) ४६.९ मिमी आहे, १०५ आर७००० ची ४३.५. म्हणजे चेनरिंग जवळजवळ साडेतीन मिमी बाहेर. त्यामुळे पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच हवा. आर७००० चा डिरेलर बाहेर तेवढा पोचत नाही. स्क्रू कितीही सोडा, मोठ्या चेनरिंगवर चेन बाहेरच्या पत्र्याला घासत राहते. आर७०२० चे (आर७००० संचातले) हायड्रॉलिक शिफ्टर मात्र जीआरएक्सच्या दोन्ही डिरेलरांबरोबर चालतात, शिमानोच्या कोष्टकातच तसे दिले आहे.

दुसरी गोष्ट माउंटची. जीआरएक्स आरएक्स८१० चा पुढचा डिरेलर ब्रेझ-ऑन (सीट ट्यूबला जोडलेल्या टॅबवर बसणारा) आहे. तुमच्या २८.६ च्या ट्यूबवर एकतर बँड अडॅप्टर लावा किंवा बिल्डरला ब्रेझ-ऑन टॅब जोडायला सांगा. टॅबची उंची मोठ्या चेनरिंगवर ठरते. ५० साठी लावलेला टॅब ४६ ला वर पडू शकतो, कारण डिरेलरचा बाहेरचा पत्रा मोठ्या चेनरिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिमी वर असायला हवा. पुढे कधी मत बदलणार असाल तर बँडच बरा, वरखाली सरकतो.

पॅडलांमधले अंतरही वाढते: क्यू फॅक्टर १४६ वरून १५१. बहुतेकांना कळत नाही, पण ज्यांचा गुडघा आधीच कुरकुरतो त्यांनी क्लीट (बुटाखालची पकड) त्या हिशेबाने आत-बाहेर करावी.

बारागाडी

सगळे अकरा स्पीड धरूनच चालला आहात. नवी फ्रेम, नवी चाके, मग जुनी पिढी का? आर७१०० घ्या, ११-३६ कॅसेट, ५०/३४ क्रँक. मागच्या डिरेलरला ३६ चालतो, क्षमता (जेवढी सैल चेन तो ताणून धरू शकतो ती) ४१ दाते. हिशेब: (५०−३४)+(३६−११)=४१, बरोबर बसते. पुढची दहा वर्षे सुटे भागही मिळतील.

चौतीसदाती

हा पर्याय वाईट नाही. पण कॅसेटचे दाते शेजारी शेजारी लिहून बघा:

अकरा स्पीड ११-३४: ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४
बारा स्पीड ११-३४: ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२४-२७-३०-३४

बारावाल्यात जास्तीचे दाते कुठे गेले? १२ आणि १४. ५०/१५ ला ९० कॅडन्सवर ताशी ३८.८ किमी होतात. म्हणजे एका दात्याच्या त्या बारीक पायऱ्या ३९ च्या वर पळणाऱ्यांसाठी आहेत. १७-१९-२१ दोन्हीकडे तेच. आणि घाटात, जिथे पायरी बारीक हवी, तिथे अकरावाल्याला २१-२३-२५-२७ आहे, बारावाल्याला २१-२४-२७. २५-३० ने चालवणाऱ्या माणसाने बाराव्या दात्यासाठी जास्त पैसे का मोजावेत, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. :)

११-३६ मध्ये शेवटच्या उड्या २४-२८-३२-३६. चालतात, पण प्रत्येक वेळी कॅडन्स आठेक फेऱ्यांनी बदलतो.

बारागाडी

दात्यांचा मुद्दा मान्य. सुट्या भागांचा मात्र सोडत नाही.

तेलकट

सुट्या भागांबद्दल: अकराची चेन आणि कॅसेट अनेक कंपन्या बनवतात, ती चिंता कमी. अडचण शिफ्टरची. आज शिफ्टर घेताना डावा-उजवा दोन्ही एकाच पिढीचे आणि नवे घ्या, कारण पडल्यावर मोडतो तो शिफ्टर, आणि अकराच्या शिफ्टरला कुठल्याही पिढीचा डिरेलर चालेलच असे नाही. केबल किती ओढली की डिरेलर किती सरकतो, हे प्रमाण पिढीगणिक बदलते. जुन्या आठ-नऊ-दहा स्पीड रोडचे एक, अकरा स्पीड रोडचे दुसरे, नव्या माउंटन बाइकचे तिसरे. टियाग्रा ४७०० दहा स्पीड असूनही तिचे प्रमाण अकरा स्पीडसारखे आहे. त्यामुळे ४६०० चा मागचा डिरेलर ४७०० च्या शिफ्टरला लावला की दोन-तीन गिअर बरोबर लागतात आणि पुढे चुकत जातात. लोक मग केबल ताणत बसतात. तो दोष ताणाचा नसतोच.

क्यूज नावाने शिमानोचे जे आता मिळते ते आणखी वेगळे. त्याच्या लिंकग्लाइड प्रकारच्या कॅसेटमधल्या चाकांचे अंतर वेगळे, १०५ बरोबर मिसळू नका.

निळाडबा

वायरलेसची बाजू कोणी घेतली नाही म्हणून लिहितो. रायव्हलमध्ये ४३/३० चा वाइड क्रँक येतो, मागे १०-३६. ३०/३६ म्हणजे ०.८३, वरच्या कोष्टकात धरले तर ६० कॅडन्सला ताशी साडेसहा किमी. इतका हलका गिअर पहिल्या दोन पर्यायांत नाही. वरच्या टोकाला ४३/१० म्हणजे ४.३, ४६/११ पेक्षा थोडा जडच. केबल नाही, हाउसिंगमध्ये (केबलवरच्या आवरणात) पावसाचे पाणी नाही. बिल्डरचेही काम सोपे: ना केबल स्टॉप, ना बीबीखाली गाइड.

अटी: फ्रीहब एक्सडीआर हवा (शिमानोच्या नेहमीच्या एचजी फ्रीहबवर १० दात्यांचे चाक बसत नाही), चेन स्रॅमची फ्लॅटटॉपच, आणि पुढचा डिरेलर वाइड क्रँकशी जुळणारा. बॅटऱ्या दोन्ही डिरेलरांवर सारख्याच असतात. मागची संपली तर पुढची काढून मागे लावायची, चेन हव्या त्या चेनरिंगवर हाताने ठेवायची आणि घरी यायचे. शिफ्टरमध्ये सीआर२०३२ नाणे-सेल, तो किराणा दुकानातही मिळतो.

तेलकट

सगळे खरे. पण फ्लॅटटॉप चेन तुटली तर दुसरी कुठली लावून भागत नाही, आणि ती वाटेतल्या गावात मिळत नाही. वायरलेस घ्यायचेच असेल तर पिशवीत त्याच चेनचा पॉवरलॉक (जोडकडी), आठ-दहा कड्यांचा तुकडा आणि एक भरलेली बॅटरी ठेवाच. ४०० च्या बीआरएमला २७ तासांची मुदत असते, त्यातले तीन तास चेन शोधण्यात घालवू नका.

पंक्चरपट्टी

पुढे एकच चेनरिंग लावले तर? पुढचा डिरेलरच नको. ४० आणि ११-४२.

चौतीसदाती

४०/४२ म्हणजे ०.९५. ४६/३० च्या ०.८८ पेक्षा जड, आणि मधल्या उड्या मोठ्या. खडी-मातीच्या रस्त्याला छान. ३०० किमी डांबरावर एकाच लयीत बसायचे असेल तर दोन चेनरिंगच बरे.

घाटमाथा

खूप उपयोगी चर्चा. अकरा स्पीडकडे कल झाला आहे: आर७०२० शिफ्टर, जीआरएक्स ४६/३० क्रँक, जीआरएक्स पुढचा डिरेलर, ११-३४ कॅसेट. आता मागचा डिरेलर आणि फ्रीहब सांगा. आणि हो, ११-३४ ला स्पेसर लागतो की नाही? दोन दुकानांत दोन उत्तरे मिळाली.

खडीसाखर

स्पेसर लागत नाही. अकरा स्पीडच्या फ्रीहबवर अकराची कॅसेट थेट बसते. स्पेसर दहा स्पीडला.

आटेबोल्ट

खडीसाखर, बाकी कॅसेटांना तुमचे बरोबर, पण शिमानोच्या अकरा स्पीड ११-३४ ला (एचजी७००, एचजी८००) अपवाद आहे. ती मुळात आठ-नऊ-दहा स्पीडच्या आखूड फ्रीहबवर बसेल अशी केली आहे. मोठे दाते आत स्पोकच्या बाजूला झुकतात. म्हणून अकराच्या रोड फ्रीहबवर आधी १.८५ मिमी स्पेसर टाकायचा, मग कॅसेट. तो नाही टाकला तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हाताला डुगडुगते. ही खूण लक्षात ठेवा: लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळले, तरी मोठे चाक धरून हलवल्यावर खटखट होते. दोन्ही दुकाने खरे बोलली असतील, एकाच्या मनात ११-३२ असेल.

मागचा डिरेलर: आरएक्स८१० (३४ दाते, क्षमता ४०) किंवा आर७००० चा लांब केज जीएस (३४ दाते, क्षमता ३९). तुमची गरज (४६−३०)+(३४−११)=३९, दोन्ही चालतात. आर७००० चा आखूड केज एसएस घेऊ नका, त्याची मर्यादा ३० दात्यांची. आरएक्स८१० ला क्लच आहे, खराब रस्त्यावर चेन चेनस्टेवर आपटत नाही. त्याबदल्यात शिफ्टरचा खटका किंचित जड. ताम्हिणीसारख्या उखडलेल्या रस्त्यांवर जाणार असाल तर क्लचवाला घ्या.

फ्रीहब एचजी अकरा स्पीड रोड. अ‍ॅल्युमिनियमच्या मऊ फ्रीहबवर सुटी चाके खाचा पाडतात. एचजी७०० सारख्या कॅसेटमध्ये काही चाके सुटी असतात, वर्षभराने ती त्या खाचांत अशी रुतून बसतात की कॅसेट हाताने निघत नाही. चाकवाल्याला स्टीलचा फ्रीहब विचारा, निदान स्टीलची पट्टी बसवलेला. पन्नास-साठ ग्रॅम वाढले तर वाढू द्या.

तेलकट

बिल्डरला आधी सांगायच्या गोष्टी, कारण रंग झाल्यावर यातली एकही सुधारणा स्वस्त नाही.

बीबी शेलच्या आट्यांना आणि दोन्ही तोंडांना रंग लागू देऊ नका. पावडर कोटिंग झाल्यावर आटे टॅपने साफ करून दोन्ही तोंडे फेसिंग कटरने समांतर करून द्या, हे लिहून घ्या. तोंडे समांतर नसली की दोन्ही बाजूंचे कप एका रेषेत बसत नाहीत, २४ मिमीचा स्पिंडल बेअरिंगला तिरका दाबतो आणि बीबी एका पावसाळ्यात कुरकुरायला लागतो. दोष मग बीबीच्या माथी.

बीएसएला उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचे. दोन्ही कप ३५ ते ५० न्यूटन-मीटर, आट्यांना भरपूर ग्रीस. डाव्या क्रँकच्या टोकाची प्लॅस्टिक टोपी फक्त ०.७ ते १.५, ती मोकळीक काढण्यापुरतीच, पकडीसाठी नव्हे. पकड दोन अ‍ॅलन बोल्टांची: आळीपाळीने १२ ते १४. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असे केले तर पहिला सैल पडतो.

हँगर (मागचा डिरेलर टांगतो तो तुकडा) बदलता येण्याजोगा, आणि ऑर्डरसोबत जादा दोन. हँगरांना सार्वत्रिक माप नाही, तुमचा आकार नंतर शोधत बसाल. युडीएच (एकाच ठरलेल्या मापाचा हँगर) टाकला तर ती कटकट संपते, शिमानोचा डिरेलर त्यावरही बसतो. नवी फ्रेम म्हणून हँगर सरळ असेल असे गृहीत धरू नका. गेजने रिमच्या चार बाजूंना मोजा. फरक ४ मिमीच्या आत हवा.

आटेबोल्ट

चेनच्या लांबीबद्दल, कारण इथेच एकदा कापले की परत नाही. मागचा डिरेलर न धरता चेन मोठ्या चेनरिंगवर आणि सर्वांत मोठ्या दात्यांवर गुंडाळा, टोके जुळवा, त्यावर दोन कड्या जादा ठेवा (कडी म्हणजे पिनपासून पिनपर्यंत, १२.७ मिमी). तुमच्या मापांना, ४२५ चेनस्टे, ४६ आणि ३४, गणिताने ११० कड्या येतात. शिमानोची चेन ११६ ची, सहा काढायच्या. आधी गणित, मग गुंडाळून खात्री, मग चेनकटर. छापील बाजू बाहेर. अकरा स्पीडचा शिमानो क्विकलिंक (जोडकडी) एकदाच वापरायचा असतो. काढला की नवा.

मागचा डिरेलर लावताना क्रम पाळा. आधी चेन आणि केबल न जोडता दोन्ही लिमिट स्क्रू (डिरेलर दोन्ही टोकांना किती सरकेल ते ठरवणारे), मग चेन, मग केबल, मग बी-स्क्रू: सर्वांत मोठ्या दात्यांवर असताना वरची पुली आणि दाते यांत ५-६ मिमी. शेवटी बॅरल (केबलचा ताण बदलणारी फिरकी). चेन मोठ्या दात्यांकडे चढायला रेंगाळते आहे? बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने, पाव वळण. लहान दात्यांकडे उतरायला रेंगाळते आहे? आधी हाउसिंगमधले घर्षण बघा. डिरेलरपाशी येणाऱ्या शेवटच्या वळणात आरएस९०० हे लवचीक हाउसिंग वापरा. टोक ग्राइंडरने सपाट करा आणि आतली दबलेली नळी टोच्याने गोल करून मगच टोपी घाला. निम्म्या ‘गिअर बसत नाही’ तक्रारी त्या टोकातच असतात.

पुढच्या डिरेलरचा सपोर्ट बोल्ट थेट रंगावर टेकणार असेल तर खाली पट्टी चिकटवा, नाहीतर नवी फ्रेम पहिल्याच दिवशी दबेल.

खडीसाखर

११-३४ चा खुलासा झाला, आभार. पावसाळ्यात चेनला काय? मेण की तेल?

तेलकट

कोरड्या महिन्यांत वितळवून बुडवायचे मेण, धूळ धरत नाही. जून ते सप्टेंबर पातळ मेण एका सरीत धुऊन जाते, तेव्हा घट्ट तेल; लावल्यावर बाहेरून कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचे, आतले राहते तेवढे पुरते. कोकणातून आलात तर त्याच दिवशी पुसा, लाल चिखल म्हणजे चेनला पॉलिश पेपर. चेकरने ०.५ टक्के दाखवले की चेन बदला. २४ कड्यांचे ३०४.८ मिमी असतात, त्यात दीड मिमी वाढ म्हणजे ०.५. स्टीलच्या पट्टीनेही मोजता येते. ०.७५ पर्यंत थांबलात तर नवी चेन जुन्या कॅसेटवर जोर लावला की घसरते, आणि बहुधा १७-१९ पासूनच, कारण सगळ्यात जास्त वापर त्यांचाच.

घाटमाथा

यादी पक्की केली: आर७०२० शिफ्टर, आरएक्स६०० क्रँक ४६/३०, आरएक्स८१० दोन्ही डिरेलर, २८.६ चा बँड अडॅप्टर, एचजी७०० ११-३४ आणि १.८५ स्पेसर, ११६ कड्यांची चेन, बीबीआर६० हा बीबी, आरएस९०० हाउसिंग. युडीएच बिल्डरला जमतो म्हणाला. केबल डाउन ट्यूबच्या बाहेरून नेऊ की आतून?

आटेबोल्ट

बाहेरून. डाउन ट्यूबवर स्टॉप, बीबीखाली प्लॅस्टिकचा गाइड. केबल बदलायला पंधरा मिनिटे लागतात. गाइडचा स्क्रू बीबी शेलच्या आत डोकावत नाही ना, तेवढे बघा. डोकावला तर बीबीच्या आतल्या नळीला टोचतो.

तेलकट

आणि शेलला खाली ४-५ मिमीचे एक भोक पाणी निघायला. स्टील आहे.